पुस्तकातले लाल कागद

"एक नाई, दोन नाई, सारेच्या सारे?" वासंतीने विज्ञानाचं पुस्तक उलटं धरून झटकलं. त्यातून काही पडलं नाही. "आत्याबाई, मी तुमाले विचारून राह्यली. सारे काढले?"

"काढले म्हनलं ना. किती डाव विचारशीन?" तिच्या सासूबाई, रुखमाबाई, चुलीपुढून हलल्या नाहीत. "आन काहाले काढले थेबी सांगतलं. उद्या रथसप्तमी. हळदीकुंकवाले गावच्या बाया इथी, याच खोलीत बसतीन. समोर फळीवर आरूचे पुस्तकं. त्याइले तिन्ही बाजूनं लाल जिभा. एखादी विचारीन, हे काय हो मामी? मंग काय सांगू? जिथी जिथी पोरगी चुकते तिथी तिथी कागद लावेल हाय म्हनून सांगू?"

"सांगाचं होतं."

"हाव, सांगते. वैजनाथची पोरगी पानोपानी चुकते म्हनून दवंडीच देते ना."

"कागद हायेत कुठी?"

रुखमाबाईंनी चिमट्याने चुलीतली राख उगाच मागेपुढे केली. वासंतीला काय समजायचं ते समजलं. दुपारचा चहा तिने याच चुलीवरचा प्यायला होता. चांगला कडक झाला होता. दोनशे बारा लाल कागदांवर उकळलेला चहा.

तेवढ्यात वासंतीचा नवरा वैजनाथ आला. डोणगावच्या जिनिंगवर तो मापाडी होता. संध्याकाळी घरी येताना त्याच्या भुवयांवर, कानांवर कापसाचे पांढरे तंतू बसलेले असायचे आणि त्यामुळे तो आहे त्यापेक्षा जास्त म्हातारा आणि जास्त शहाणा दिसायचा. त्याने दोघींकडे पाहिलं, भांडणाचं कारण विचारलं, आणि ते ऐकून त्याला हसू आलं.

"कागदासाठी? अवो, मोतीरामभाऊच्या कोठ्यात पोतंभर पडून असतीन. उद्या आनून देतो."

"कागद पोतंभर भेटतीन," वासंती म्हणाली. "कुठी लावाचे थे कोन सांगीन?"

वैजनाथने भुवयांवरचा कापूस झटकला. तो पाय धुवायला गेला. दहावीची परीक्षा चोवीस दिवसांवर आली होती.

वासंती स्वतः सातवी झालेली. पुढची शाळा तिच्या माहेरच्या गावात नव्हती. गेली अकरा वर्षं ती दर पावसाळ्यात मोतीरामभाऊंच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जात होती. साऱ्या जिल्ह्यात लोक कापूस वेचतात. हे काम त्याच्या आधीचं. कपाशीचं बी आकाशातून पडत नाही, ते तयार करावं लागतं. दुपार कलली की बायका मादीच्या ओळींत शिरायच्या. उद्या सकाळी उमलेल अशी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिचं वरचं सगळं सोलून काढायचं, आतल्या पिवळ्या केसरांचा एक कणही ठेवायचा नाही, आणि त्या कळीला लाल कागदाचा तुकडा लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं खुडून आणायची आणि हिरव्या रानात जिथे जिथे लाल दिसेल तिथे तिथे जाऊन ती फिरवायची. दोन महिने रोज. एखादी कळी नजरेतून सुटली आणि आपली आपण फुलली, तर तिचं बी चुकीचं निघतं, आणि अशी पाच-पन्नास सुटली की सगळा माल परत येतो. तीन वर्षांपूर्वी तसा आला होता. मोतीरामभाऊ आठ दिवस कोणाशी बोलले नव्हते. तेव्हापासून वासंतीच्या हाताखालच्या ओळी कोणी दुसऱ्यांदा तपासत नसत. ती स्वतःच तपासायची, आणि तिसऱ्यांदाही.

आरोही गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी आईबरोबर प्लॉटवर यायची. बारीक बोटं, तीक्ष्ण नजर. मोतीरामभाऊ तिच्या ओळीशी उभे राहून म्हणायचे, "हिचा हात तुह्यापेक्षा चांगला हाय, वासंती." वासंतीला हे ऐकून बरं वाटायचं आणि लगेच धास्तीही वाटायची.

कारण घरात एक गोष्ट ठरून बसली होती. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं, पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेली तर बुलडाण्याला सायन्सला आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहात नंबर लागेल. खाली आली तर नाही लागणार. मग डोणगावला जमेल तसं शिकायचं आणि पावसाळ्यात प्लॉट. वैजनाथ वाईट माणूस नव्हता. पण कपाशीचं बीटी बियाणं येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्या दोन वर्षांचं नवल संपलं होतं. त्यांच्या स्वतःच्या तीन एकरांतल्या कपाशीवर ऐन बोंडं भरायच्या वेळी लाल्या पडला, पानं तांबडी होऊन झाडं उभ्याउभ्या थांबली. गावातल्या निम्म्या वावरांचं तेच. कापूसच नाही म्हटल्यावर जिनिंग या साली दोन महिने उशिरा सुरू झालं. अशा साली घरातला चांगला हात कोणी सहज सोडत नाही.

आणि दिवाळीच्या आधी सहामाहीचा निकाल आला. आरोहीला एकसष्ट.

खरं नवल तिथे होतं. पोरगी आळशी असती तर वासंतीने कपाळावर हात मारून घेतला असता. पण आरोही पहाटे साडेचारला उठायची, एकेक उत्तर दहा-दहा वेळा लिहून काढायची, हिरव्या पेनने रेघा मारायची. मारता मारता सगळं पुस्तकच हिरवं झालं होतं. वासंती चार दिवस भाकरी थापता थापता तिच्याकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तिने पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं, पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि डब्याला टेकून बसली.

"आता सांग."

"काय सांगू? पुस्तक दे ना आई."

"पुस्तक नाई. जे आता वाचलं थे सांग."

आरोहीने सुरुवात झोकात केली. तिसऱ्या वाक्याला ती "आणि... आणि..." म्हणत छताकडे बघू लागली. वासंतीने पुस्तक उघडून बोट ठेवत ठेवत, सावकाश वाचलं. अर्ध्याहून जास्त राहिलं होतं.

"पन मले सारं येते," आरोही रडकुंडीला येऊन म्हणाली. "वाचतानी सारं येते."

"वाचतानी येईनच. समोर लिवेल असते ना," वासंती म्हणाली. "प्लॉटवर नवी पोरगी येते, ओळीतून चालत जाते, अन् सांगते, मावशी, सारं पाह्यलं. पाह्यलं असीन. झालं का?"

त्या दिवाळीत प्लॉटवरून उरलेल्या लाल कागदांची एक पिशवी घरी आली. रीत साधी होती. संध्याकाळी वासंती भाकरी करायची, आरोही पुस्तक बंद करून बोलायची. जिथे अडेल तिथे लाल कागद. सकाळी उठल्यावर पुस्तक पहिल्यापासून वाचायचं नाही. नुसत्या लाल कागदांवर जायचं. सकाळी आलं तरी कागद निघत नसे. बाजाराच्या दिवशी पुन्हा विचारायचं. तेव्हाही आलं, तर येत्या अमावस्येला पुन्हा. तीनदा आलं की मग कागद काढायचा, आणि तोही वासंतीने.

आरोहीला सगळ्यात जड गेलं ते आलेलं सोडून देणं. भूगोलातला एक धडा तिला तोंडपाठ होता, तोच ती पुन्हा पुन्हा मजेत वाचत बसायची.

"झालेल्या झाडापाशी काऊन उभी राह्यली?" वासंती तव्यावरून नजर न काढता म्हणायची. "पुढं चाल."

दुसऱ्या आठवड्यात मलिहा आली. मलिहा आरोहीच्या वर्गातली, आणि तिची आई खुर्शीदा प्लॉटवर वासंतीच्या शेजारच्या ओळीला असायची. दोन पोरी झाल्यावर काम सोपं झालं. गणितं वासंतीला तपासता येत नसत. तिथे पोरी पुस्तक मिटून एकच गणित वेगवेगळी सोडवायच्या आणि उत्तर जुळलं नाही की भांडायच्या. इंग्रजीला वासंती नुसता कागद हातात घेऊन तयार बसायची. चुकलेला आवाज तिला कुठल्याही भाषेत कळत होता.

"इंग्रजीबी येते का तुमाले?" खुर्शीदाने एकदा विचारलं.

"नाई. पन खोटं बोलनारी पोरगी डोये कुठी नेते थे येते."

खुर्शीदा खूप हसली. "माही तर माह्याकडंच पाहून खोटं बोलते. तिले तुमीच सांभाळा."

एकदा विज्ञानाच्या धड्यात मात्र वासंतीने पुस्तक उघडलंच नाही. मलिहा सांगत होती, "परागकण कुक्षीवर पडले की लगेच बी तयार होते."

"लगेच?" वासंती म्हणाली.

"हाव मावशी."

"मंग आमी दीड-दोन महिने बोंडाची वाट काहाले पाह्यतो? आतमंदी काई होतच नाई का?"

दोघी पोरींनी पुस्तक उघडलं. पराग कुक्षीवर पडल्यावर त्याला नळी फुटते, ती खाली बीजांडापर्यंत जाते, मग फलन, मग बी. मलिहाने स्वतःच्या हाताने तिथे लाल कागद लावला. वासंतीने ते पान मागून घेतलं आणि चुलीच्या उजेडात पुन्हा एकदा वाचलं. अकरा वर्षं ती जे नखाने करत होती त्याला नावं होती. चांगली, भारदस्त नावं होती. तिने ती पुटपुटून पाहिली. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना पुन्हा पुटपुटली, पुस्तकाशिवाय.

असे सहा पुस्तकांत मिळून दोनशे बारा कागद झाले होते, आणि रुखमाबाईंनी ते सगळे एका दुपारी, नातीच्या अब्रूसाठी, चुलीत घातले होते.

शाळेचे जादा तास आटोपून दोघी पोरी आल्या. वैजनाथ ओट्यावर बसून पायाची नखं बघत होता. आरोहीने फळीवरचं पुस्तक घेतलं, उघडलं, पानं फिरवली. दुसरं घेतलं. मग आईकडे पाहिलं.

"आजीनं काढले," वासंती म्हणाली. "जाळले."

रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आता पोरगी रडेल. वासंतीलाही तेच वाटलं, आणि तिने पाण्याचा तांब्या उगाचच हातात घेतला.

आरोही खाली बसली. विज्ञानाच्या पुस्तकावर तिने हात ठेवला. मग म्हणाली, "पहिला कागद पान अकरावर होता. वरच्या कोपऱ्यात."

"काय होतं तिथी?" वासंतीने विचारलं.

"भिंगाचं सूत्र. चिन्ह चुकलं होतं." तिने सूत्र सांगितलं, चिन्हासकट. मलिहाने पान उघडून पाहिलं आणि मान डोलावली. "मंग पान चौदाले दोन होते. एक तिरपा. तो मलिहानं लावला होता, तिले सरळ लावताच येत नाई."

"तूच धक्का मारला होता," मलिहा म्हणाली.

"चौदावर काय?" वासंतीने विचारलं.

आरोहीने दोन्ही सांगितले. तिरपासुद्धा.

तांब्या कधी खाली ठेवला ते वासंतीला कळलं नाही. ती पुस्तक घेऊन पोरींच्या समोर मांडी घालून बसली. पान तेवीस. पान चोवीस. तीस. जिथे जिथे चुकलं होतं ती जागा आरोहीला ठाऊक होती. चूक काय होती तेही ठाऊक होतं. आणि चूक ठाऊक होती म्हटल्यावर बरोबर काय तेही बहुतेक ठिकाणी तोंडात येत होतं. हिरव्या रेघांतलं तिला काही आठवत नव्हतं. लाल कागदांचं आठवत होतं. मलिहाला इतिहासाचे जास्त येत होते, आरोहीला विज्ञानाचे. कंदील लावायची वेळ होईपर्यंत विज्ञानाचं आणि इतिहासाचं पुस्तक संपलं, आणि वासंतीच्या बोटांवरचा हिशेब असा होता की पंच्याऐंशी जागा आठवल्या, त्यांतल्या अठराच ठिकाणी उत्तर अडलं.

"म्हनजे या दोन पुस्तकाइले अठराच कागद लागतीन," आरोही म्हणाली. तिचा आवाज फुग्यासारखा फुगत चालला होता. "आई, अठराच."

"आन ज्या जागा आठोल्याच नाईत त्या?" वासंतीने विचारलं. ती ओळ तिसऱ्यांदा तपासणारी बाई होती.

"त्या रविवारी सापडतीन," मलिहा म्हणाली. "जुने पेपर सोडवू. तिथी अडलं की सापडलं."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "मी आता एक बोलू का?"

"बोला," वासंती म्हणाली.

"अठरा कागद कुठून आनाचे? पिशवी तर..." रुखमाबाईंनी चुलीकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. मग त्या उठल्या. त्यांच्या लोखंडी पेटीत गावातल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या होत्या. झाडून साऱ्या लाल. त्यांनी त्यांचा गठ्ठा काढला, कात्री मागितली आणि दिव्याखाली बसल्या. गणपतीला कात्री लावायची नाही म्हणून प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती आधी अख्खा कापून बाजूला ठेवला. वधूवरांच्या नावांचं मात्र काही वाटलं नाही.

"या निवृत्तीच्या लग्नात आपल्याले वरण पोचलंच नव्हतं," आरोहीने नाव वाचताच त्या म्हणाल्या, आणि निवृत्तीच्या पत्रिकेचे बारा तुकडे केले.

बाकीची चार पुस्तकंही त्या रात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी फळीवरच्या पुस्तकांतून 'चि.' आणि 'सौ. कां.' अशी अक्षरं डोकावताना पाहिली. एकीने विचारलंच.

"थे आमच्या आरूचं हाय," रुखमाबाई वाण देता देता म्हणाल्या. "जिथी चुकते तिथी लावतो. दोनशे बारा होते. आता चाळीसही उरले नाईत. तुमच्या पोरीचे किती हायेत?"

त्या बाईच्या पोरीचे किती आहेत हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिने वाण घेतलं आणि विषय तिळगुळावर नेला.

पुढचे तीन रविवार घराची परीक्षाशाळा झाली. वासंती गजराचं घड्याळ मधोमध ठेवायची, दाराला आतून कडी घालायची आणि तीन तास पोरींना पाणी प्यायलाही उठू देत नसे. वैजनाथला बाहेर ओट्यावर बसवलेलं असे. एकदा त्याने दारातून "चहा ठेवू का?" विचारलं तर आतून तीन बायकांनी "नाई" म्हटलं, चौथा आवाज त्याच्या आईचा होता, आणि सगळ्यात मोठा होता. रुखमाबाईंनी आता पर्यवेक्षकाचं काम अंगावर घेतलं होतं. वाचता येत नव्हतं, पण मान वळली की लगेच दिसत होतं. ज्या जागा आठवल्या नव्हत्या त्या बहुतेक त्या तीन रविवारांत सापडल्या, आणि त्यांच्यावर निवृत्तीच्या लग्नाचे तुकडे लागले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फळीवरच्या पुस्तकांत मिळून नऊ कागद होते. वासंतीने ते नऊ विचारले, आठ आले, आणि तिने पुस्तकं उचलून पेटीत ठेवली.

"एक राह्यला ना, आई."

"राहू दे. झोप."

निकाल जूनमध्ये लागला. वैजनाथ दोघींचे बैठक क्रमांक चिठ्ठीवर लिहून डोणगावला नेट कॅफेत गेला. परत आला तेव्हा घरात खुर्शीदा आणि मलिहाही येऊन बसल्या होत्या. त्याने सायकल भिंतीला लावली, चप्पल काढली, रांजणातून पाणी घेऊन पाय धुतले. सगळे बघत होते. त्याने दुसरा पायही धुतला.

"मलिहाले एक्क्याण्णव," तो म्हणाला.

खुर्शीदाने लेकीला जवळ ओढलं. मलिहा मात्र आरोहीकडे बघत होती.

"आन आपल्या?" रुखमाबाईंनी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी," वैजनाथ म्हणाला, आणि त्याने पुन्हा पायावर पाणी घेतलं.

वासंतीने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की हसते आहे हे कोणाला नीट दिसलं नाही. रुखमाबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं.

"शंभरातले बाकीचे बारा कुठी गेले?"

"चुलीत गेले, आत्याबाई," वासंती पदराआडून म्हणाली. तेव्हा कळलं की ती हसत होती.

त्यानंतर महिनाभर वासंतीचं वागणं घरच्यांना थोडं विचित्र वाटलं. दहावीची पुस्तकं निकाल लागला की खालच्या पोरांना द्यायची, अशी गावाची रीत. निवृत्तीची बायको तिच्या पोरीसाठी पुस्तकं मागायला आली. वासंतीने तिला चहा पाजला, तिच्या पोरीला कागदांची रीत नीट समजावून सांगितली, एक अख्खी लग्नपत्रिकाही दिली, पण पुस्तकं दिली नाहीत.

"काऊन नाई दिली?" रुखमाबाई मागून कुरकुरल्या. "लोकं म्हनतीन, पोरगी अठ्ठ्याऐंशी काय झाली, माय फुगून गेली. लोनचं घालाचं हाय का पुस्तकाइचं?"

"पाहू," वासंती म्हणाली. एक दिवस ती खुर्शीदाला घेऊन शाळेत हेडमास्तरांकडे गेली आणि तासाभराने आली. विचारलं तर म्हणाली, दाखला काढायचा होता. कोणाचा ते वैजनाथने विचारलं नाही. आरोहीचाच असणार.

बुलडाण्याच्या वसतिगृहाची यादी लागली. दोन्ही पोरींची नावं तीत होती. सोमवारी जायचं होतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी मोतीरामभाऊ आले.

ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आरोहीचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाले, या साली प्लॉट एकरभर वाढवला आहे, हात कमी पडतात. कॉलेजात पहिले दोन महिने कोण शिकवतं? पोरगी दसऱ्यानंतर गेली तरी काही बिघडत नाही. फक्त क्रॉसिंगपुरती थांबू द्या.

"इचार करतो," वैजनाथ म्हणाला. मोतीरामभाऊ गेल्यावर तो आत आला आणि चुलीजवळ बसला. आरोही पिशवीत कपडे भरत होती. तिचा हात थांबला.

"तसं त्यायचं चूक नाई," तो तव्याकडे बघत म्हणाला. "आपल्या वावराचं या सालीबी काई खरं नाई. पाऊस लांबलाच. दोन महिन्याचा तर सवाल हाय."

"दोन महिन्यानं खोली राहीन का थे?" रुखमाबाईंनी विचारलं.

"विचारून पाहू."

वासंती भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. मग तिने ती वैजनाथच्या ताटात ठेवली आणि हात पुसले.

"आरोही सोमवारी सकाळच्या एस्टीनं जाईन," ती म्हणाली. "मोतीरामभाऊले मी उद्या सांगते. प्लॉटवर मी हाय, खुर्शीदा हाय, तिसरी बाई त्यायनं पाहावी. आन पुस्तकं कोनाले द्याची नाईत. म्या बाहेरून दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चात माही परीक्षा हाय. कागद आत्याबाई कापतीन."